हवालदाराचे हात

आमच्या सुसातोका गावात मोठा म्हणावा असा एकच चौक. एका अंगाला बाजार, समोर चर्च, तिसऱ्या कोपऱ्यावर राजधानीच्या बसेसचा थांबा आणि चौथ्यावर औषधांचं दुकान. त्या दुकानापुढच्या फुटपाथवर माझी गाडी. अरेपा म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, काळी कॉफी, आणि धुक्याच्या सकाळी गरम गुळाचं पाणी. सव्वीस वर्षं मी तिथे उभी होते. ती सगळी वर्षं माझ्यासमोर, भर रस्त्यात, एवेलिओ चापार्रो उभा असायचा.

एवेलिओ ट्रॅफिक हवालदार. बुटका, छातीने रुंद, मिशी पट्टीने आखल्यासारखी. हातात पांढरे मोजे. त्याची बायको रोसाउरा ते खळ घालून इस्त्री करायची, त्यामुळे हात वर केला की कागदाचा आवाज यायचा. लहानपणी त्याला गावच्या बँडमध्ये जायचं होतं. वाजवायला नव्हे, बँडच्या पुढे काठी फिरवत एक जण चालतो, तो व्हायला. बँडमास्तरांनी त्याला एकदा वरून खाली न्याहाळलं आणि सांगितलं, "बाळा, तुझी उंची पुढच्या माणसाची नाही, ढोलामागच्या माणसाची आहे." ढोलामागे उभं राहायला एवेलिओ तयार नव्हता. मोठा झाल्यावर त्याने चौक धरला.

आणि खरं सांगते, त्याचे हात बघण्यासारखे होते. डावा हात खांद्याच्या रेषेत ताठ, उजवा छातीपासून सुटून हळूहळू उघडायचा, आणि शेवटी मनगट असं वळायचं की वाटावं, बस नाही, एखादी राणी त्याने पुढे बोलावली आहे. हे मला दिसायचं, कारण दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मला बघायला दुसरं काही नव्हतं. बाकी कुणाचं लक्ष नसे. हात वर गेला की लोक थांबत, खाली आला की निघत.

ते थांबत तेसुद्धा कुठे, तर पांढऱ्या पट्ट्यांवर. माणसांनी ओलांडायचे म्हणून नगरपालिकेने पट्टे मारले होते. त्यांवर टॅक्सी, ट्रक, बटाट्यांच्या गोण्या लादलेले टेम्पो, सगळे चढून बसत आणि माणसं वाट मिळेल तिथून, शिव्या खात, पळत. एवेलिओ शिट्टी फुंकायचा, दंडाची पावती फाडायचा, ड्रायव्हर हुज्जत घालायचा, मागची रांग भोंगे वाजवायची. त्याच्या पहिल्या एकोणीस वर्षांत एकही गाडी पट्ट्यावरून मागे गेलेली मी पाहिली नाही.

शहाण्णव साली राजधानीतून ते मूकनटांचं खूळ आमच्याकडे आलं. तिथे म्हणे रस्त्यारस्त्यांवर तोंडाला पांढरं फासलेले नट उभे करून लोकांना शिस्त लावली होती. आमच्या नगरपालिकेलाही हुरूप आला. मार्चमध्ये सहा नाटकवाली पोरं नेमली, त्यातली एक आमच्या चौकात. एवेलिओला हुकूम मिळाला की सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी तीन ते पाच त्याने फुटपाथवर उभं राहायचं, शिट्टी खिशात ठेवायची आणि सहकार्य करायचं.

तो कागद त्याने माझ्या गाडीवर आपटला. "एर्मिंदाबाई, वाचा. सहकार्य. मी माझ्याच चौकाला सहकार्य करायचं."

मी म्हटलं, "कॉफी घ्या. चार दिवसांचा तमाशा आहे, जाईल निघून."

मुलीचं नाव निदिया रिंकोन. हे नाव मला पुढे कळलं, चौकात सगळे तिला मुकी म्हणत. चेहरा चुन्यासारखा पांढरा, डोळ्यांखाली काळे थेंब, केस काळ्या टोपीत कोंबलेले, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. कामावर असताना ती एक अक्षर बोलायची नाही, कुणी काही विचारलं तरी नाही.

पहिल्याच सकाळी एक टॅक्सी पट्ट्यांवर येऊन थांबली. मुकी तिच्यासमोर गेली आणि समोर भिंत असल्यासारखी बॉनेट चाचपू लागली. पाय टेकवून चढायला बघितलं, घसरली. वाकून चाकाखाली डोकावली. मग पलीकडे टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीकडे हात करून तिने खांदे असे पाडले की, बाई, तुझं काही खरं नाही. बाजारातले लोक हसायला लागले. ड्रायव्हरचा कान लाल झाला. मुकीने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली, तिला फुंकर मारली, आणि टॅक्सीवाल्यापुढे अगदी अदबीने वाकली.

टॅक्सी मागे गेली. चांगली दोन हात मागे गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एवेलिओकडे पाहिलं. तो खिशातल्या शिट्टीवर मूठ आवळून उभा होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जणू त्याच्या जन्मभराच्या नवसाचं फळ देवाने शेजारणीच्या ओटीत घातलं.

चार दिवसांत तमाशा गेला नाही. उलट चौकाचं रूपच पालटलं. ड्रायव्हर लांबूनच वेग कमी करू लागले, कारण मुकीच्या तावडीत सापडण्यापेक्षा दंड परवडला असं त्यांना वाटे. पट्ट्यांवरून चालताना बायका आता पळत नसत. बाजारातली जाडी कार्मेंसा तर मधोमध थांबून अंगावरची लोकरी रुआना नीट करायची, मगच पुढे पाऊल टाकायची. मुकीने मलाही सोडलं नाही. माझ्या गाडीचं एक चाक फुटपाथवर फार पुढे यायचं. ती आली, पोट आत ओढून, श्वास कोंडून, माझ्या गाडीच्या आणि भिंतीच्या मधून चोळामोळा होऊन पलीकडे गेली आणि कपाळाचा घाम पुसला. गिऱ्हाइकं हसली. मी गाडी मागे घेतली. मला राग आला नाही, हे मी त्या दिवशी एवेलिओला सांगितलं नाही.

त्याने कॉफीत साखर घेणं बंद केलं होतं. रोज येऊन तेच. "चुना फासून माकडचेष्टा केल्या की झालं. पोट आहे का तिला? पोरंबाळं? ऊन-पाऊस काढलाय तिने इथे? परवा आली आणि रस्ता तिच्या बापाचा."

"रस्ता कुणाच्याच बापाचा नसतो, हवालदारसाहेब."

"माझा आहे," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मी तो उचलून धरलाय."

टॅक्सी किती थांबल्या, किती मागे गेल्या, ट्रक किती, टाळ्या किती वेळा, हे सगळं तो दंडाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहू लागला. मला वाटलं वरच्यांना अहवाल द्यायचा असेल. विचारलं तर म्हणाला, कुणासाठी नाही. दिवसाअखेर तो ते पान वाचायचा आणि तोंड कडू करून घरी जायचा. कुणी दुखऱ्या दातावर मुद्दाम जीभ दाबून बघावी, तसं.

आणि मग रोसाउरा यायला लागली. रोसाउरा चर्चच्या मागच्या गल्लीत राहणारी, भाजीसुद्धा पलीकडच्या छोट्या बाजारातून आणणारी. एप्रिलमध्ये एका सकाळी ती माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. हातात रिकामी पिशवी. मुकी तेव्हा एका मोटारसायकलवाल्याच्या मागे अदृश्य दोरी बांधत होती. रोसाउरा तोंडावर पदर धरावा तशी शालीचं टोक धरून हसली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी एवेलिओ रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभा राहिला.

"तू इथे काय करतेयस?"

"बाजाराला आले होते."

"पिशवी रिकामी आहे."

"भरेन की."

"एकोणीस वर्षं," एवेलिओ म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "एकोणीस वर्षं मी इथे उभा आहे रोसाउरा. तू एकदाही बघायला आली नाहीस."

"तुम्ही कधी म्हणालात का, ये म्हणून?" ती म्हणाली. "मला वाटायचं, बायको आलेली तुम्हाला आवडणार नाही."

तो मागे वळला आणि तडक रस्ता तिरपा कापत आपल्या जागेकडे निघाला. पट्ट्यांवरून नाही, जसा तो नेहमी जायचा तसा, भर गाड्यांमधून, छाती काढून. आणि त्याच्या मागे, हातभर अंतरावर, मुकी.

तिने त्याची छाती घेतली होती, त्याची मिशी दोन बोटांनी ओठावर धरली होती, आणि त्याची ती तुरुतुरु चाल अशी उचलली होती की मला पाठीमागून दोन एवेलिओ दिसले. मध्येच थांबून ती पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट करायची, कपाळाला हात लावायची आणि पुन्हा त्याच्यामागे चालायची. सगळा बाजार हसत होता. काय चाललंय म्हणून त्याने वळून पाहिलं, तेव्हा त्याला आधी मुकी दिसली नाही. रोसाउरा दिसली. तीही हसत होती.

दुपारी त्याने मुकीच्या हातात दंडाची पावती ठेवली. वाहतुकीस अडथळा, कलम अमुक तमुक. तिने पावती दोन्ही हातांनी घेतली, वाचली, वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी ती पावती छातीवर पदकासारखी टाचून आली. एवेलिओला वरून बोलावणं आलं. साहेबांनी काय सांगितलं ते तो बोलला नाही, पण पावती रद्द झाली आणि त्यानंतर पंधरा दिवस तो माझ्याकडे कॉफीलाही आला नाही. रोसाउराने चौकात येणं थांबवलं. ती मला चर्चमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "घरात बोलतच नाहीत. एक मुकी रस्त्यावर, एक मुका घरात."

मे महिन्यातला शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. मुकी एका बसच्या ड्रायव्हरला, लिसिमाको त्याचं नाव, पट्ट्यांवरून मागे ढकलत होती. म्हणजे खांदा बसला न लावताच ढकलत होती, पाय घसरत होते, धाप लागत होती, आणि लिसिमाको आतून जोर लावून विरोध केल्याचं सोंग करत होता. तोही आता त्या खेळात आला होता. अडीचशे-तीनशे माणसं जमली. मागे गाड्या तुंबल्या. तेवढ्यात चढावरून रुग्णवाहिकेचा आवाज आला.

लोकांना वाटलं खेळच आहे. मुकीने मान वर केली, आवाजाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात हलवून लोकांना बाजूला व्हायला सांगू लागली. लोक आणखी हसले. ती एकाला ढकलत होती, दुसऱ्यापुढे हात जोडत होती, आणि जितकी जीव तोडून करत होती तितक्या टाळ्या पडत होत्या. पांढऱ्या रंगाखाली तिचा चेहरा कसा झाला ते मी जवळून पाहिलं. तिने तोंड उघडलं, पण काय ओरडावं ते तिला सुचलं नसावं.

एवेलिओची शिट्टी वाजली. मुकी चौकात असताना, दोन महिन्यांत पहिल्यांदा वाजली. लांब, एकच. तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याचे हात चालू झाले. बस उजवीकडे, टेम्पो चर्चच्या पायऱ्यांना खेटून, टॅक्सी दोन हात मागे, माणसं फुटपाथवर. शब्द एक नाही. डावा हात, उजवा हात, मनगट. गर्दी फाटली, मधून वाट झाली आणि रुग्णवाहिका तिच्यातून निघून गेली. आत डोंगरावरच्या वस्तीतली एक बाळंतीण होती. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

टाळी कुणी वाजवली नाही. लोक थोडे ओशाळून आपापल्या सामानाकडे गेले.

मुकी तिथेच उभी होती. मग ती एवेलिओसमोर आली. हात जोडेल, माफी मागेल असं मला वाटलं. तिने तसं केलं नाही. तिने आपला उजवा हात छातीशी नेला, हळूहळू उघडला, शेवटी मनगट वळवायला गेली, ते नीट वळलं नाही. तिने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. ती विचारत होती, हे कसं करायचं ते सांगा. लहान मुलालाही कळलं असतं.

एवेलिओने मोजे काढून खिशात घातले आणि पाठ फिरवली.

मग तो माझ्या गाडीशी आला. "आता हेही हवंय," तो म्हणाला. "सगळं घेतलं. चौक घेतला, लोक घेतले, माझी बायको हसवली. एवढे दोन हात राहिलेत. तेही द्या म्हणते."

"शिकायचं म्हणतेय हो ती."

"मला कुठे कुणी शिकवलं? मी मोठ्या भावाच्या आरशासमोर शिकलो, झाडूचा दांडा घेऊन. तिनेही शिकावं."

ती शिकली. आरशासमोर की कुठे, मला माहीत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी मुकी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, जिथे एवेलिओ उभा राहायचा बरोबर तिथे, आणि तिने त्याचे हात सुरू केले. यात थट्टा नव्हती. मिशी नाही, छाती नाही, फक्त हात. हळू, अगदी हळू, पाण्यात असल्यासारखे. बाजार गप्प झाला. लिसिमाकोने बसचं इंजिन बंद केलं. उजवा हात उघडत गेला, मनगट वळलं, आणि एक रिकामी हातगाडी ओढणारा माणूस त्या हाताने बोलावल्यावर असा मान ताठ करून चौकातून गेला, जसा कुणी मोठा पाहुणा जातो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण या टाळ्या वेगळ्या होत्या. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

रोसाउरा त्या दिवशी आली होती, चर्चमधून निघून सरळ. ती माझ्या गाडीचा दांडा धरून उभी होती. एवेलिओ चार पावलांवर. ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, हे तर तुम्ही आहात."

"हो," तो म्हणाला.

"इतकं सुंदर होतं?"

"आता दिसलो तुला?" एवेलिओ म्हणाला. "दुसरीच्या अंगावर?"

रोसाउराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या बाहीला हात लावला आणि त्याने तो झटकला नाही, एवढंच. मी त्याला बरीच वर्षं ओळखते, पण त्या सकाळइतका मत्सर मी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलेला नाही. दुसऱ्याचं काही बघून माणूस जळतो ते वेगळं. हा स्वतःच्याच हातांवर जळत होता.

सप्टेंबरात मूकनटांची मुदत संपली. नगरपालिकेने ती वाढवली नाही. शेवटच्या दिवसानंतरच्या सोमवारी एक मुलगी माझ्याकडे कॉफी प्यायला आली. लांब केस, चेहऱ्यावर मुरुमांचे डाग, अंगात हिरवा स्वेटर, खांद्याला प्रवासाची पिशवी. आवाज जरा घोगरा. मी तिला डोळ्यांवरून ओळखलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, कारण तेवढ्यात एवेलिओ येत होता. त्याने तिच्या पांढऱ्या चेहऱ्यापलीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

ती म्हणाली, "हवालदारसाहेब, इथे एक मुकी असायची ना?"

बस, एवढंच पुरलं. एवेलिओने कॉफी हातात घेतली आणि सुरू झाला. आधी शिव्या. मग पावतीची गोष्ट. मग बँड, बँडमास्तर, ढोल. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. शेवटी तो कपात बघत म्हणाला, "पण खोटं कशाला बोलू. पोरगी गुणी होती. मी एकोणीस वर्षं शिट्टी फुंकली, तिने एकदा फुंकर मारली आणि गाड्या मागे गेल्या. मी घरी जाऊन फुंकर मारून बघितली आहे. माझी बायको समजली मला काहीतरी चावलं."

मुलगी हसली नाही. मी हसले.

तेवढ्यात रोसाउरा बाजाराची भरलेली पिशवी घेऊन आली आणि लांबूनच, जुनी ओळख असल्यासारखी, म्हणाली, "अगं निदिया, आज निघालीस ना? किती वाजताची बस?"

एवेलिओचा कप अर्ध्यावर थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं, रोसाउराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा कप फेकणार. त्याने तो गाडीवर ठेवला. मान लाल झाली होती.

"तुझा डावा हात खाली राहतो," तो म्हणाला.

"कळत होतं मला," निदिया म्हणाली. "पण का राहतो ते कळत नव्हतं."

"तू तो खांद्यातून उचलतेस. पाठीतून उचलायचा." त्याने तिथेच फुटपाथवर हात उचलून दाखवला. निदियाने पिशवी खाली ठेवली आणि उचलला. "खाली आहे. अजून. अजून. हं." तो तिच्याभोवती फिरून पाहू लागला, आणि त्याच्या आवाजात मायेचा लवलेश नव्हता, नवशिक्याला झापणाऱ्या मास्तरांचा असतो तसा आवाज होता. त्याने तिला अर्धा तास राबवलं. तिची बस गेली, दुसरी आली.

ती काली शहरात गेली, तिथे एका नाटकमंडळीत काम करते म्हणतात. दर नाताळात रोसाउराला पत्र येतं. एवेलिओ ते पत्र वाचत नाही असं म्हणतो, पण त्यात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक असतं. पट्ट्यांवर गाड्या आता पुन्हा चढतात, आधीइतक्या नाही. रोसाउरा शुक्रवारी येऊन अर्धा तास उभी राहायची, नवऱ्याकडे बघत, आणि त्या अर्ध्या तासात एवेलिओ लांबच्या लांब ट्रकसुद्धा असे वळवायचा की ड्रायव्हर गोंधळून जात. सात वर्षांनी सिग्नल बसले तेव्हा त्याला कार्यालयात खुर्ची मिळाली.

परवा माझ्याकडे आला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कालीत एका प्रयोगात निदिया चौकातल्या हवालदाराचं काम करते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी म्हटलं, "बरं वाटलं असेल ऐकून."

त्याने कॉफीत साखर घातली, ढवळली, बराच वेळ ढवळली. "उंच आहे ती," तो म्हणाला. "उंच माणसाला सोपं जातं."